काळ्या कातळाचे सांधे

दगड बघायचा नाद असलेल्या माणसाला महाराष्ट्रात जरा कमनशिबीच समजतात. राजस्थानातल्या हौशी मंडळींना घराजवळ संगमरवर. हिमालयात वाकलेले, मुडपलेले, उलटे झालेले थर. कच्छमध्ये चालता चालता अमोनाइट या प्राचीन सागरी जीवाच्या दगड झालेल्या चकत्या सापडतात. आणि आपल्याकडे? काळा दगड. नाशिकला काळा, साताऱ्याला काळा, बीडला काळा. पूर्व विदर्भ आणि तळकोकणाचं टोक सोडलं, तर राज्याच्या चार पंचमांशाहून जास्त भागावर हा एकच बेसॉल्ट, म्हणजे निवलेल्या लाव्ह्याचा दगड, पसरलाय. मी सुट्टीच्या दिवशी घाटात जाते आणि रस्त्याकडेच्या भिंतीशी नाक लावून उभी राहते, हे कळल्यावर मैत्रिणी विचारतात, 'अगं, पण त्यात बघायचं काय?'

प्रश्न रास्त आहे. दगडाच्या मधल्या भागात खरंच फारसं काही नसतं. तो घट्ट, बारीक कणांचा, काळपट राखाडी. भिंग लावलं तरी प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाच्या चार पांढुरक्या काड्या चमकतात आणि संपलं. बघायचं ते सांध्यात. एक लाव्हा निवून गेला, काही काळ गेला आणि त्याच्यावर दुसरा आला, तिथे एक शीव तयार झाली. सह्याद्रीत जे काही घडतं ते बव्हंशी या शिवेवर घडतं. पाणी तिथून झिरपतं, कड्यावरची झाडं त्या ओळीत उगवतात, गुराखी आडवी वाट तिथून काढतात. ही शीव दिसायला लागली की सगळीकडे तोच दगड असणं ही अडचण राहत नाही, उलट सोय होते. दगड बदलत नसल्यामुळे नजर आपोआप फरकाकडे जाते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना शाळेपासून माहीत असते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, असंख्य वेळा. आज उरलेला पसारा साधारण 5 लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, असं अलीकडची कालमापनं सांगतात. डायनासोर त्यानं मेले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीनं, या वादात मी पडत नाही. तो वाद घालायला जगात भरपूर माणसं आहेत. एक तक्रार मात्र नोंदवते. कुठलाही गोल डोंगर किंवा वाटीसारखा खळगा दिसला की 'हे ज्वालामुखीचं तोंड' असं सांगणारा वाटाड्या प्रत्येक गडावर भेटतो. शंकूसारख्या पर्वताच्या टोकातून उसळणारी आग हे जपानचं चित्र झालं. आपला लाव्हा भेगांतून आला, आणि त्या भेगांत गोठून राहिलेला दगड बघायचा असेल तर धुळे-नंदुरबारकडे जावं. तिथे आजूबाजूची जमीन झिजून गेली आणि भेगेतला कठीण दगड शेतांमधून सरळ रेषेत उभा राहिला. नकाशावर बघितलं तर मैलोन् मैल जाणाऱ्या काळ्या टेकड्यांची रांग दिसते, एकीला समांतर दुसरी, तिला समांतर तिसरी. डाइक म्हणतात त्यांना.

आता सांधा. घाटातल्या कुठल्याही बऱ्यापैकी उंच कापलेल्या भिंतीसमोर उभं राहावं आणि खालून वर बघत जावं. आधी घट्ट पाषाण, उभ्या चिरा पडलेला. लाव्हा निवताना आकसतो आणि ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाते त्याला काटकोनात तडकतो, म्हणून या चिरा बहुतेक उभ्याच असतात. अगदी सावकाश आणि एकसारखा निवला तर त्या चिरांचे रेखीव खांब होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं नमुनेदार उदाहरण, सुमारे 60 मीटर उंच खांबांचा जुडगा, माथ्यावर देऊळ आणि चहूबाजूंनी इमारतींचा वेढा. आपल्या भिंतीत एवढी ऐट नसते. वर जाता जाता दगडात बारीक भोकं दिसू लागतात, मग मोठी, मग इतकी की दगडापेक्षा भोकंच जास्त. हा प्रवाहाचा माथा. लाव्ह्यातला वायू वर चढला आणि साय धरलेल्या पृष्ठभागाखाली अडकून तिथेच गोठला. त्याच्या वर लाल पट्टा येतो, कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर. हाताला माती लागते. नखानं कोरता येतं. त्याच्या वरच्या कडेला विटकरी रंग गडद असतो आणि खाली जाताना तो फिका होत होत भोकाळ दगडात मिसळून जातो. आणि लाल पट्ट्यावर, जणू सुरी फिरवल्यासारख्या रेषेनं, पुढचा प्रवाह सुरू होतो.

या दुसऱ्या प्रवाहाचा तळ मी सगळ्यात जास्त वेळ बघते. तिथे बोटाच्या जाडीच्या, कधी पेन्सिलीएवढ्या, उभ्या नळ्या असतात. खालून वर चढणाऱ्या वायूच्या वाटा. बहुतेक आता पांढऱ्या खनिजानं भरलेल्या असतात, त्यामुळे काळ्या भिंतीवर खडूनं रेघोट्या ओढल्यागत दिसतात. काही नळ्या वरच्या टोकाला एका बाजूला कललेल्या असतात, आणि त्या कलावरून लाव्हा कोणत्या दिशेनं सरकत होता याचा अंदाज बांधतात. सांध्याच्या लाल पट्ट्याबद्दल सांगायचं तर तो बहुतेक ठिकाणी खालच्या प्रवाहाची ऊन-पावसानं कुजलेली पाठ आहे. काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळलेली असल्याचं अभ्यासक सांगतात. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे पाऊस पडत होता, दगडाची माती होत होती, आणि मग एक दिवस ती माती वरून भाजली गेली.

अलीकडे अशा भिंतींवर लोखंडी जाळ्या ठोकतात आणि सिमेंटचा फवारा मारतात. दरडी कोसळून माणसं मरतात, तेव्हा ते करायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण एखादा ओळखीचा सांधा करड्या गिलाव्याखाली गेला की चुकल्यासारखं होतं हेही खरं. आणि ज्या भिंती उघड्या आहेत त्या तरी कोणी उघडल्या? बोर घाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला आणि थळ घाटातला, म्हणजे कसाऱ्याचा, 1865 मध्ये. सह्याद्रीची पोटं पहिल्यांदा एवढी मोठी चिरली गेली ती तेव्हा, पहारी, सुरुंग आणि हजारो मजुरांच्या हातांनी. त्या कामात साथींनी आणि अपघातांनी किती माणसं गेली याची नावनिशी कुठे नाही. कसारा चढताना खिडकीतून दिसणारे जुने छेद त्यांनी कापलेले आहेत.

या सगळ्याची शास्त्रीय नावं मला पुस्तकांतून कळली, पण हा क्रम ज्यांनी पोटासाठी शिकून घेतलाय अशी माणसं गावोगाव आहेत. पुरंदरकडे एका विहिरीवर बसलेल्या आबांना मी काठावरचा दगड दाखवून काहीबाही विचारत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'ताई, तुम्ही पुस्तकातलं नाव काय ते सांगा, पण खाली जाताना आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्याला पाणी असतंय. पाषाण लागला की पैसा संपतोय.' मांजऱ्या म्हणजे तोच भोकाळ, थोडा कुजलेला माथा. पाणी त्याच्यात का असतं आणि पाषाणात चिरा सोडल्या तर का नसतं, याचं याहून आटोपशीर उत्तर मला अजून वाचायला मिळालेलं नाही. मी गेरूचं विचारलं, म्हणजे लाल पट्ट्याचं. 'तो भिजला की ढासळतोय,' एवढंच म्हणाले. बोअरवाले याच पट्ट्यात पाइप उतरवतात, ते याच कारणासाठी. लेण्याच्या भिंतीत हा पट्टा आला की तोच आधी झिजतो. आपल्या पूर्वजांनी कार्ले, भाजे, वेरूळ कोरताना घट्ट पाषाणाचे जाड थर हेरले, ते नुसत्या नशिबानं हाती लागले असतील असं मला वाटत नाही.

भोकांचं पुढे काय होतं, हा या नादातला सगळ्यात देखणा भाग आणि सगळ्यात पैशाचाही. लाव्हा निवल्यानंतर पुढे कधीतरी गरम पाणी त्या पोकळ्यांमधून फिरत राहिलं, दगडातून सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळवत, आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक साकळत गेले. झिओलाइट या कुळातले बरेचसे. त्यांच्या जाळीदार रचनेत पाणी मुरलेलं असतं. तापवलं की ते बाहेर पडतं आणि दगड फसफसल्यासारखा दिसतो, हे 1756 मध्ये स्वीडनचा खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट यानं नोंदवलं. आपल्याकडचं स्टिल्बाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. फिकट गुलाबी किंवा दुधी, मधे आवळलेली आणि दोन्ही टोकांना फुललेली गव्हाची पेंढी असावी तसा त्याचा आकार. भिंगाखाली त्या पेंढीच्या कडेला मोत्यासारखी झाक येते, आणि थोडं फिरवलं की एकाच सपाट पृष्ठावरून प्रकाश सटकतो. शेजारी अ‍ॅपोफिलाइटचे चौकोनी, आरपार दिसणारे मनोरे. पुण्याच्या पाषाण भागातल्या जुन्या खाणींमधलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट तर दंतकथा होऊन बसलंय. आणि वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट! पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळे, काटेरी गोळे. हा निळा व्हॅनेडियमचा. खनिज म्हणून त्याची पहिली नोंद अमेरिकेतल्या ओरेगनची आहे, पण जगाला ते भरभरून दिलं वाघोलीनं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा तरी बघावं, एवढंच मी याबाबतीत सांगेन.

कारण खाणीत जाऊन स्वतः शोधणं वाटतं तितकं साधं नाही. सुरुंगाच्या वेळा, लटकलेले दगड, आणि परवानगीचा मुद्दा. शिवाय ज्यांना सापडतं ते हौशी नसतात. खाणीतला कामगार पोकळी उघडली की थांबतो, हातानं सावकाश काम करतो आणि 'माल' बाजूला काढतो. जे त्याच्या नजरेतून सुटतं ते क्रशरमध्ये जातं. आपल्या घराखालच्या खडीत किती स्टिल्बाइट गेलं असेल, हा विचार मी फार लांबवत नाही.

मी स्वतः जवळपास काही गोळा करत नाही. खिशात दहापट भिंग, एक लोखंडी खिळा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबाची बाटली आणि दोऱ्याला बांधलेलं बोटभर लोहचुंबक असतं. पांढरं खनिज दिसलं की खिळ्यानं ओरखडा मारते. ओरखडा अजिबात उठला नाही तर गार, म्हणजे क्वार्ट्‌झ. सहज उठला आणि आम्लाचा थेंब फसफसला तर कॅल्साइट. उठला पण फसफसलं नाही तर बहुधा झिओलाइट, मग भिंग काढायचं. हातोडा घरी ठेवते. गडावर, लेण्यात, देवळाच्या आवारात तो काढायचाच नसतो, आणि इतर ठिकाणी पडलेला दगड पुरेसा असतो. लहानपणी नदीतल्या दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून आतला पिवळट उजेड बघितला असेल, तर तुम्हीही हा नाद केलेला आहे. तो उजेड नुसत्या ठिणगीचा नसतो, स्फटिक तुटताना उमटणारा असतो; पाण्यात धरून घासल्या तरी दिसतो.

लोहचुंबक कशासाठी? बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेलं चुंबक दगडाकडे ओढलं जातं. पोरांना दाखवायला छान. पण त्यात मोठी गोष्ट दडलीय. लाव्हा निवताना या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत गोठतं, आणि सह्याद्रीतल्या बहुतेक थरांमध्ये ती दिशा आजच्या उलट आहे. तेव्हा होकायंत्र असतं तर त्याची उत्तर सुई दक्षिणेकडे वळली असती. शिवाय त्या दिशेच्या कलावरून कळतं की तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. खालचा जो तप्त स्रोत हा लाव्हा ओतत होता तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपण त्याच्यावरून सरकत उत्तरेला आलो. वाटेत त्यानं मॉरिशस घडवलं. एकोणिसाव्या शतकात इथून गिरमिट करून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी उसाच्या शेतांतून जे काळे धोंडे वेचून ढीग रचले, ते या हिशेबानं आपल्याच काळ्या दगडाच्या धाकट्या भावंडांपैकी होते. ही जोडणी पाठ्यपुस्तकात असती तर भूगोलाचा तास मला नक्की आवडला असता.

या सगळ्या पसाऱ्याखाली काय आहे हे आपल्याला कळलं ते दोन वाईट घटनांमुळे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा. दोन्हीकडे पुढे खोल विंधनं झाली. किल्लारीला 338 मीटर बेसॉल्ट संपला आणि थोड्या गाळाखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेच्या बाजूला त्याच खडकापर्यंत पोचायला सव्वा किलोमीटरच्या आसपास जावं लागलं. पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ होत जाणारी ही चवड आहे. मी ज्याला 'आपला दगड' म्हणते ते खरं तर कितीतरी जुन्या भूमीवर पसरलेलं पांघरूण.

आणि काही गोष्टी तर या पांघरुणाच्याही नंतरच्या. कुकडी नदीवर निघोजला रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत पात्रातला पाषाण कोरतात, त्याचे हे रांजण. पर्यटकांची गर्दी त्यांच्यासाठी. त्याच नदीच्या काठी वरच्या बाजूला बोरीला, गाळाच्या थरांमध्ये, एक पांढुरका पट्टा आहे. पिठासारखा मऊ. चिमूट बोटांत चोळली की अगदी बारीक खर लागते. ती काचेची असते. ही ज्वालामुखीची राख आहे, पण आपल्या नव्हे. ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची. तोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, 75 हजार वर्षांपूर्वीच्या की त्याच्याही कितीतरी आधीच्या, यावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं कागद काळे केलेत, कारण त्याच गाळात माणसाची दगडी हत्यारं सापडतात आणि राखेचं वय ठरलं की त्यांचं ठरतं. सगळा महाराष्ट्र ज्वालामुखीच्या दगडाचा, आणि काठावर उभं राहून मुठीत घ्यावी अशी राख मात्र समुद्रापलीकडची.

सध्या मला वेड लागलंय ते मोठ्या स्फटिकांच्या थरांचं. नेहमीच्या बेसॉल्टमध्ये फेल्डस्पारच्या काड्या भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण काही मोजक्या प्रवाहांत त्या बोटभर लांब असतात. काळ्या दगडावर पांढऱ्या फळ्या आडव्यातिडव्या फेकल्यासारख्या. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखाली बराच काळ साठून राहिला आणि स्फटिकांना वाढायला उसंत मिळाली, की असं होतं. हे थर ओळखायला सोपे, म्हणून भूशास्त्रज्ञांनी त्यांना खुणेचे दगड मानलं आणि जवळच्या जागांची नावं दिली: थळघाट, काशेळे, मंचर, गिरवली. बाकीच्या थरसमूहांची नावंही अशीच घरची. खालून वर म्हणायचं तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाटीवर शोभावी अशी यादी. सगळी चवड दक्षिणेकडे अगदी किंचित कललेली आहे, त्यामुळे इगतपुरीहून महाबळेश्वरला गाडीनं जाणारा माणूस नकळत जुन्या थरांवरून नव्या थरांवर चढत असतो.

मंचरच्या बाजूला अशा मोठ्या काड्यांचा एक थर मला एका ओढ्यात सापडला आहे. दरीच्या पलीकडच्या उतारावरही तशाच पांढऱ्या फळ्या दिसतात, पण फोनवरची उंची बघितली तर तिथला थर बराच खाली निघतो. नादातला माझा भिडू म्हणतो, तो वरून घरंगळलेला धोंडा आहे, जागचा दगड नव्हेच. मला तो जागचा वाटतो, कारण त्याच्या खाली लाल पट्टा आहे. गवत वाळल्याशिवाय त्या उतारावर नीट चढता येत नाही, तेव्हा दिवाळीनंतर दोरी घेऊन जायचं ठरलंय. जाताना आबांनाही विचारणार आहे. त्या अंगाला त्यांच्या मेहुण्याची विहीर आहे.